आईच्या संमतीशिवाय मूल दत्तक दिलं तर दत्तक रद्द होतं का?

प्रश्न
वडिलांनी ५ वर्षांची मुलगी आपल्या भाऊ-भावजयीला दत्तक दिली. दत्तकपत्र नोंदणीकृत आहे. आई वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही, तिची सही कुठेच नाही. सगळे हिंदू. दस्त रद्द करून घेता येईल का? मुदत किती?

प्रतिसाद १
दाव्यात 'रद्द' शब्दावर भर देऊ नका. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे वैध दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही. आईचं म्हणणं वेगळं हवं: हे दत्तक कायद्याने झालंच नाही.

आधार कलम ९ चा. मूल दत्तक द्यायचा आई-वडिलांचा हक्क सारखाच, पण एकाला तो दुसऱ्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. अपवाद तीनच: दुसऱ्याने संन्यास घेतला, हिंदू धर्म सोडला किंवा सक्षम कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं. वेगळं राहणं यात बसत नाही, घटस्फोटही बसत नाही. संमती नसेल तर कलम ५ प्रमाणे दत्तक शून्य, म्हणजे झालंच नाही असं.

दत्तक अवैध असल्याची घोषणा मागायची मुदत ३ वर्षं, मुदत कायद्याचा अनुच्छेद ५७. नुसती घोषणा मागून थांबू नका. पुढची दाद (त्या घोषणेवर आधारलेली इतर मागणी) मागणं शक्य असून मागितली नाही, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली दावा अडतो.

प्रतिसाद २
नोंदणीमुळे घाबरू नका. कलम १६ प्रमाणे दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरतं, पण ते पुराव्याने खोडता येतं. दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित नक्कल आजच काढा. देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या नसतील तर ते गृहीतकही उभं राहत नाही.

मग कलम ७ आणि ११ ताडून पाहा. काकूची संमती होती का? त्यांना आधीची मुलगी किंवा मुलाची मुलगी हयात आहे का? काका मुलीपेक्षा किमान २१ वर्षांनी मोठा आहे का? मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं का? नुसता कागद पुरत नाही.

समोरचे म्हणतील, आई विधीला हजर होती. घेणाऱ्याच्या पत्नीच्या संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे की नुसती हजेरी म्हणजे संमती नव्हे. तोच युक्तिवाद इथे मांडता येतो.

प्रश्नकर्ती
आईला दत्तकाचं दोन वर्षांपूर्वी कानावर आलं, दस्त आत्ता दिसला. ३ वर्षं कुठून मोजायची?

प्रतिसाद १
दत्तक कळलं त्या दिवसापासून, दस्त दिसला तेव्हापासून नव्हे. म्हणजे हातात वर्षभरच आहे असं धरून चाला. तारीख नक्की आठवत नसेल तर सगळ्यात आधीची धरा.

प्रतिसाद ३
ताब्याचा अर्ज वेगळा, पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम २५ खाली, मुलगी सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या कोर्टात. इथेच खरी अडचण येते: दत्तक शून्य ठरलं तरी ताबा मुलीचं हित बघूनच मिळतो. ती काकांकडे जितकी रुळेल तितकं आईचं काम कठीण. म्हणून भेटीचा अंतरिम अर्ज पहिल्याच तारखेला द्या. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.

दत्तक बाल कल्याण समितीमार्फत झालं असेल तर दत्तक अवैध ठरवण्याचं वरचं उत्तर लागू नाही. तिथे सरेंडर डीडनंतर (मूल समितीकडे सोपवल्याच्या दस्तानंतर) फेरविचाराला ६० दिवस असतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशाविरुद्ध ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करावं लागतं.