ब्रिटिश भूगोलविद्येचे श्रेय कोणाचे: टेबलाशी बसणाऱ्यांचे की पायपीट करणाऱ्यांचे?

नकाशावाचक (धागाकर्ता)

ब्रिटिश भूगोलज्ञ म्हटले की आपल्याकडे लिव्हिंग्स्टन, बर्टन, स्पीक या आफ्रिकेतील प्रवाशांची नावे पुढे येतात आणि त्यांच्या तापाच्या व उपासमारीच्या कहाण्या सांगितल्या जातात. माझे मत असे आहे की ब्रिटनमध्ये ही विद्या प्रवाशांनी उभी केली नाही. घरी बसून दहा जणांची टिपणे एकमेकांशी ताडून पाहणाऱ्यांनी ती उभी केली.

रिचर्ड हॅकल्यूट हा धर्मोपदेशक होता. इंग्रज राजदूताचा पाद्री म्हणून तो पॅरिसमध्ये राहिला, पण महासागर त्याने कधी ओलांडला नाही. तरीही खलाशांना आणि व्यापाऱ्यांना गाठून, त्यांची पत्रे व रोजनिशा मिळवून त्याने 1589 मध्ये इंग्रजांच्या सागरी प्रवासांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, तो नसता तर त्यांतील कितीतरी प्रवासांचा मागमूसही उरला नसता. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होत असताना तिच्या चालकांनी याच माणसाचा सल्ला घेतला.

जेम्स रेनेलने 1764 पासून बंगालची मोजणी प्रत्यक्ष केली हे खरे. परंतु हिंदुस्थानचा त्याचा प्रसिद्ध नकाशा 1782 मध्ये, तो इंग्लंडला परतल्यानंतर तयार झाला. लष्करी तुकड्यांचे मार्ग, जहाजांच्या नोंदी आणि जेझुइट पाद्र्यांची निरीक्षणे जुळवून त्याने तो काढला, आणि देशाचा जो मोठा भाग त्याने स्वतः पाहिलाच नव्हता तोही त्यात आला.

सर्वांत बोलका दाखला जेम्स मॅक्वीनचा आहे. आफ्रिकेत पाऊलही न ठेवलेल्या या स्कॉटिश गृहस्थाने 1821 मध्ये पुस्तक लिहून सांगितले की नायजर नदी गिनीच्या आखातात समुद्राला मिळते. पुढे 1830 मध्ये लँडर बंधू त्या नदीतून होडीने समुद्रापर्यंत गेले, तेव्हा ते खरे ठरले. प्रवासी पायाखालची वाट सांगतो; ती वाट कोठे बसते हे ठरवणारा वेगळाच असतो.

पायवाट

आपण यशाचीच उदाहरणे निवडली आहेत, म्हणून हिशेबाची दुसरी बाजू मांडतो.

पश्चिम आफ्रिकेत फिरलेल्या मंगो पार्कच्या प्रवासवृत्तासाठी आफ्रिकेचा नकाशा याच रेनेलने काढला आणि त्यात काँग नावाची एक लांबलचक पर्वतरांग आडवी टाकली. अशी रांग अस्तित्वातच नव्हती. तरीही पुढच्या जवळजवळ 90 वर्षांत एका नकाशावरून दुसऱ्यावर ती उतरवली जात राहिली, आणि बिंगे हा फ्रेंच अधिकारी 1880च्या दशकाच्या अखेरीस त्या प्रदेशातून स्वतः चालत गेला तेव्हाच ती पुसली गेली. नायजर समुद्राला मिळत नाही, खंडाच्या आतच दलदलीत जिरते, असेही रेनेलचे मत होते.

विल्यम डेसबरो कूलीचे प्रकरण तर याहून उद्वेगजनक आहे. रेबमान या जर्मन मिशनऱ्याने 1848 मध्ये किलिमांजारोवरचे बर्फ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कळवले. लंडनमध्ये बसलेल्या कूलीने ते अशक्य ठरवले आणि त्या गरीब माणसाच्या दृष्टीवरच शंका घेतली. मध्य आफ्रिकेत एकच लांब सरोवर आहे हा त्याचा आग्रह 1858 मध्ये बर्टन आणि स्पीक यांनी टांगानिका आणि एकट्या स्पीकने व्हिक्टोरिया अशी दोन वेगळी सरोवरे पाहिल्यावरही सैल झाला नाही. ताडून पाहणे हा गुण आहे. परंतु ज्याला चिखल लागत नाही, त्याला आपल्या सिद्धांताचा मोह सोडवत नाही.

आणखी एक. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी 1830 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले पारितोषिक रिचर्ड लँडरला मिळाले. ट्रुरोच्या खानावळवाल्याचा हा मुलगा पूर्वी क्लॅपर्टन या प्रवाशाचा नोकर होता. मॅक्वीनचे पुस्तक नऊ वर्षे छापून तयार होते, पण पारितोषिक मिळाले ते नदीतून गेलेल्याला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

गोदाकाठ

आपण दोघेही दोन इंग्रजांमध्ये श्रेयाची वाटणी करीत आहात. मॅक्वीनला नायजरची माहिती मिळाली कोठून? तो ग्रेनाडा बेटावर उसाच्या मळ्याचा व्यवस्थापक होता आणि त्या नदीकाठचा प्रदेश जन्मापासून ओळखणारे गुलाम त्याच्या हाताखाली राबत होते. त्यांना विचारून मिळालेल्या माहितीत त्याने ग्रंथांतील वाचनाची भर घातली, आणि पुढे हाच गृहस्थ गुलामगिरीच्या समर्थनार्थ वर्षानुवर्षे लिहीत राहिला. त्या माणसांपैकी एकाचेही नाव कोणाच्या तोंडी नाही.

दुसरे उदाहरण आमच्या नाशिकचे आहे. अरब गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना येथील शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवून शिक्षण दिले जात असे. 1866 मध्ये सुरू झालेल्या शेवटच्या मोहिमेसाठी लिव्हिंग्स्टनने येथूनच नऊ तरुण नेले. नंतर येथेच शिकलेला जेकब वेनराइट त्याच्याकडे जाऊन पोहोचला. 1 मे 1873 च्या सुमारास चितांबो या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा वेनराइटने झाडावर मृत्यूची नोंद कोरली, आणि चुमा, सुसी हे त्याचे जुने आफ्रिकी सोबती व इतरांनी त्याचे शव, उपकरणे आणि रोजनिशा महिनोन्महिने वाहून किनाऱ्यावर आणल्या. इंग्लंडमध्ये त्या रोजनिशा संपादित होत असताना चुमा आणि सुसी यांनाच बोलावून प्रसंग, ठिकाणे आणि नावे विचारून घ्यावी लागली. मग ते भूगोलाचे काम नव्हते काय? त्यांना फक्त हमाल म्हणून मोजायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

नकाशावाचक

पायवाट यांनी सांगितलेली काँगची कथा अपुरी आहे. ते डोंगर रेनेलच्या कल्पनेतून उगवले नव्हते. दूरवर डोंगर दिसल्याचे खुद्द पार्कने लिहून ठेवले होते. रेनेलने त्यांची रांग लांबवली, हा दोष त्याचा. परंतु बी प्रवाशाचे होते. कूलीचा हट्ट मात्र मी झाकणार नाही.

गोदाकाठ यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने जातो. टेबलाशी बसणारा निदान माहिती कोणाकडून घेतली हे लिहितो, कारण पुराव्याचा भरवसा त्यावरच ठरतो. सदानंद नावाच्या ब्राह्मणाने काढलेला गुजरातचा नकाशा रेनेलने वापरला आणि आपल्या ग्रंथात त्याचे नाव घेऊन त्याची थोरवी सांगितली. आपल्या वाटाड्यांविषयी इतके लिहिणारे प्रवासी किती आहेत? तिबेटची वाट पावलांनी मोजणाऱ्या नैनसिंह रावतांना 1877 मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तेही लंडनला पोहोचलेल्या त्यांच्या मोजमापांचे मोल तेथे ओळखले गेले म्हणून.

शिवाय टेबल ही अशी जागा होती की जेथून स्त्रियांना निदान आत शिरता आले. मेरी सॉमरव्हिल यांचा प्राकृतिक भूगोलावरील ग्रंथ 1848 मध्ये निघाला, अनेक वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून चालला, आणि 1869 मध्ये त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

पायवाट

पदक मिळाले, सभासदत्व नव्हे! 1892 मध्ये सोसायटीने स्त्रियांना दार उघडले तेव्हा पहिल्या तुकडीत इसाबेला बर्ड होत्या, आणि त्या तर जपान, इराण, तिबेटच्या वाटा तुडवून आलेल्या होत्या. बावीस स्त्रिया आत आल्यावर 1893 मध्ये दार पुन्हा लावले गेले. विरोधकांत जॉर्ज कर्झन आघाडीवर होते, आणि 1913 मध्ये तेच अध्यक्ष असताना ते कायमचे उघडले. तेव्हा टेबलाच्या उदारपणाचे कौतुक बेताने करावे.

अक्षांश

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वरील चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही: या माणसांची चूल कशावर पेटत होती? हॅकल्यूटला चर्चचे उत्पन्न होते, रेनेलला कंपनीचे निवृत्तिवेतन होते. ‘भूगोलज्ञ’ म्हणून पगार मिळणे ही फार उशिराची गोष्ट आहे. हॅलफर्ड मॅकिंडर यांना 1887 मध्ये ऑक्सफर्डला अध्यापकाचे पद मिळाले, तेव्हा पगाराचा वाटा सोसायटीने उचलला होता. प्रवासवर्णने ऐकण्याची सवय लागलेल्या त्या संस्थेत, भूगोल म्हणजे निसर्ग आणि मानवी समाज यांचे नाते समजावून देणारी विद्या, असे मांडणारा हा पंचविशीतला तरुण अनेक जुन्या दर्यावर्दींना पटला नाही. म्हणूनच, असे मला वाटते, 1899 मध्ये त्यांनी केनिया पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर पहिली चढाई केली. ज्याचे सगळे महत्त्वाचे काम व्याख्यानांत आणि निबंधांत आहे, त्यालाही प्रतिष्ठेसाठी एक डोंगर चढून दाखवावा लागला.

आणि त्याच मॅकिंडर यांनी साम्राज्यातील शाळांसाठी भारतावर आठ व्याख्याने लिहिली, ती 1910 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांतील चित्रे आणण्यासाठी ह्यू फिशर या चित्रकाराला इकडे धाडले होते. पाहणारा एक, सांगणारा दुसरा, आणि करवून घेणारी सरकारी समिती तिसरी.

या धाग्यातील भांडण ज्याच्या कामात खरोखर मिटलेले दिसते तो माणूस डडली स्टँप. ब्रह्मदेशात तेलासाठी भूगर्भ तपासून आणि रंगून विद्यापीठात शिकवून परतल्यावर त्यांनी 1930च्या दशकात ब्रिटनच्या भूमिवापराची पाहणी हाती घेतली. पैसा तुटपुंजा होता, म्हणून देशभरातील शाळांच्या मुलांना त्यांच्याच गावचे नकाशे देऊन शेत, कुरण, रान, परसबाग अशा खुणा भरायला लावल्या आणि ते तुकडे जुळवण्याचे काम लंडनमध्ये केले. पुढे महायुद्धात अन्नधान्य वाढवण्याची वेळ आली तेव्हा कोणती जमीन नांगराखाली घ्यावी हे ठरवताना तेच नकाशे कामी आले.

गोदाकाठ

अक्षांश महोदय, स्टँप यांच्याबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, कारण त्या पाहणीत पायपीट करणारे आपल्याच गावचे शेत रंगवीत होते आणि नकाशाचा उपयोग त्यांच्याच देशाला झाला. शरणपूरहून गेलेल्यांना यातले काय मिळाले? सोसायटीने लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांसाठी पदके पाडली, ती चांदीची. नैनसिंहांचे पदक सोन्याचे होते, कारण त्यांनी अंतरे मोजून आकडे लिहून दिले होते. शव आणि रोजनिशा आणणाऱ्यांनी आकडे दिले नाहीत; कोणता रस्ता सुरक्षित आहे, कोणत्या गावचा मुखिया वाट देईल आणि कोठे नदी उतरता येईल, एवढेच त्यांना ठाऊक होते. नकाशावाचक यांच्या टेबलावर या माहितीसाठी रकाना आहे काय, हे त्यांनी सांगावे.