मदत हवी आहे: चार्जरचा लाल दिवा लुकलुकतोय, सेल गेले का चार्जरच गेला?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, गावभागात राहतो. आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांवर गेलं की आमच्याकडं आधी टॉर्चची शोधाशोध होते, 2019 ला चांगलंच कळलंय, म्हणून यंदा आधीच सगळे सेल चार्ज करून ठेवू म्हटलं तर चार्जरनंच घोळ घातला.

चार सेलचा साधा चार्जर आहे, पाचेक वर्षं झाली असतील, सेल डबल ए, निकेल मेटल हायड्राइड, 2000 एमएएचवाले. जोडीनंच चार्ज होतात, एकटा घातला तर दिवाच लागत नाही. डावी जोडी रात्री लावली की सकाळी हिरवी, पण उजवीकडं दोन मिनिटांत लाल लुकलुक सुरू. पत्र्यांवर हिरवट काहीतरी धरलं होतं ते प्लग काढून पॉलिश पेपरनं घासलं, फरक शून्य. मग जोड्यांची अदलाबदल केली तर लुकलुक पण डावीकडं गेली! दुकानदार म्हणतो नवीन चार्जर घ्या, तो तेच म्हणणार म्हणा. मीटर लावला तर त्या जोडीतला एक 1.27 आणि दुसरा 0.3 व्होल्ट. हा दुसरा पोराच्या गाडीतला, सुट्टीभर स्विच चालूच राहिला होता. हा परत येईल का?

उत्तर: भाऊ, चार्जर ठणठणीत आहे, लुकलुक सेलबरोबर फिरली तिथंच कळलं. दोघांचे मिळून दीड व्होल्ट, चार्जरला वाटतं शॉर्ट आहे, म्हणून तो चांगल्यालाही चार्ज करत नाही. चांगल्या सेलच्या प्लसला मेलेल्याचा प्लस, मायनसला मायनस, असं वायरनं दहा-पंधरा सेकंद धरा, गरम लागलं तर लगेच सोडा. एक व्होल्टच्या वर आला तर चार्जरला लावा आणि जवळच बसा. लिथियमच्या सेलवर हा उद्योग चुकूनही करू नका. चार्ज झाल्यावर एक दिवस नुसता ठेवून परत मोजा, 1.2 च्या खाली उतरला तर माया सोडा. आणि जोड्यांवर मार्करनं नंबर टाका, जुना-नवा एकत्र लावला की एक आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत तापत बसतो.

धागाकर्ता: केलं तसं. 1.06 ला आला, चार्जरनं गुमान घेतला, सकाळी हिरवा दिवा बघून बायकोला बोलावून दाखवला. आज मोजला तर 1.11, म्हणजे गेलाच. बाकी तिघं 1.3 च्या वर आहेत. पण आता उरलेल्या एकट्याला चार्ज कसा करू, हा चार्जर तर जोडीच मागतो?