फुलपाखरू उद्यान: तुम्ही जवळून काय पाहिलंत?

साखळीतला हत्ती दिसला की आपण हळहळतो, पिंजऱ्यातल्या पोपटासाठी चुकचुकतो. जाळीच्या घुमटात शेकडो फुलपाखरं भिरभिरताना दिसली की मात्र सगळे मोबाइल काढतात. बंदिवास हा शब्दही कुणाला आठवत नाही. जीव एवढासा म्हणून, की देखणा म्हणून? अशा ठिकाणी गेला असाल किंवा काम केलं असेल तर लिहा. 'मस्त आहे, जरूर जा' एवढंच नको.

*

लेकीला घेऊन गेलो होतो. आत जायला दोन दारं, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर पडताना मोठा आरसा, पाठीवर कोणी बसून येत नाही ना ते बघायला. ही शिस्त आवडली. आत मात्र आनंदीआनंद. एका मुलाने चिमटीत पंख धरला, सोडला तेव्हा बोटांवर चमचमती भुकटी. ती भुकटी म्हणजे पंखावरचे खवले, गेले की परत येत नाहीत. मी हटकलं तर "अहो, लहान आहे तो". सांगायला आत एकही कर्मचारी नव्हता. दारांवर खर्च केला, माणसावर नाही.

*

मी अशा एका उद्यानात मदतनीस होते, म्हणून आतली बाजू सांगते.

बरीचशी फुलपाखरं तिथे जन्मत नाहीत, कोष पार्सलने येतात. कोस्टा रिकासारख्या देशांत कोष तयार करून परदेशी पाठवणं हा रीतसर धंदा आहे. कोष आले की एकेक तपासायचा. काळा पडलेला, हाताला पोकळ लागणारा बाजूला काढायचा, कारण काहींतून फुलपाखराऐवजी परोपजीवी माशी निघते. उरलेले काचेच्या कपाटात दांड्यांवर ओळीने टांगायचे. हवा दमट लागते. कोरडी झाली तर फुलपाखरू कोषातून अर्धं बाहेर येतं आणि तिथेच अडकतं. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले असतात. ते खाली लोंबत ठेवून त्यांत अंगातला द्रव भरावा लागतो. दाटीवाटीत शेजारच्याचा धक्का लागून खाली पडलं तर पंख वाकडे वाळतात, आणि मग ते कधीच उडत नाही. याच वेळी काही फुलपाखरं तांबडा थेंब टाकतात. लोक "रक्त, रक्त" म्हणून ओरडायचे. तो कोषातला साठलेला मळ असतो, घाबरण्यासारखं काही नाही.

सकाळी दार उघडण्याआधी पहिलं काम झाडू. मेलेली, फाटलेली उचलायची, प्रेक्षकांच्या नजरेस पडता कामा नयेत. मरणार हे तर ठरलेलंच, अनेक जातींची फुलपाखरं जेमतेम दोन-चार आठवडे जगतात. ॲटलास पतंगाला तर खाता येईल असं तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो दिवस काढतो. मला खुपलं ते वेगळंच. किती कोष आले, किती उमलले, किती दिवस जगले, याची साधी वही नव्हती. कमी दिसायला लागली की पुढचं पार्सल. आइस्क्रीमचा डबा संपल्यासारखं.

*

जरा अतीच होतंय का? मोकळ्यावर कोळी, सरडे, पक्षी टपलेले असतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पोचतात ते मूठभर. इथे आयतं खायला, ना शत्रू ना पाऊस. मला तर सोय बरी वाटली.

*

वरच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण 'आयतं खायला' नेमकं काय ते बघावं. मी फोटो काढायला जातो. मोठे निळे मॉर्फो फुलांकडे फारसे वळत नाहीत, त्यांना सडकं फळ लागतं. पंखांवर डोळ्यांचे ठिपके असलेल्या घुबड फुलपाखरांनाही तेच. एका ठिकाणी प्लास्टिकच्या फुलांत साखरपाणी भरलं होतं आणि फळांची ताटली उचललेली, का तर पाहुण्यांना वास येतो! मॉर्फो त्या फुलांकडे ढुंकूनही बघत नव्हते.

उजेडाच्या बाजूची जाळीही पाहा, कोण किती आपटतंय ते. पंखांच्या कडा तिथे फाटतात. अर्थात नुसत्या फाटक्या पंखांवरून निकाल देऊ नका, म्हातारपणीही ते झिजतात.

*

कायद्याचं थोडं. आपल्या 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी, म्हणजे फुलपाखरूही आलं. ब्रिटनचा 2006 चा प्राणीकल्याण कायदा मुळात पाठीचा कणा असलेल्यांपुरता आहे. फुलपाखराचा पंख मोडला म्हणून तक्रार नोंदवायला जाणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही.

*

मी शिक्षिका. मुलांना जीवनचक्र दाखवायला नेलं. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, त्या फक्त तक्त्यावर. विचारलं तर म्हणाले, जाती परदेशी आहेत, वाढू द्यायच्या नाहीत. अमेरिकेतही परदेशी जाती ठेवताना अळ्यांची खाद्यवनस्पती आत ठेवू देत नाहीत. कारण पटतं, बाहेर सुटून शेतात पसरल्या तर पंचाईत. पण मादी पायांनी पानं चाखत फिरते, अंडी घालण्याजोगं पान शोधत. ते पान त्या घुमटात ठरवून लावलेलंच नाही. मला वाटतं, या सगळ्यात हेच सर्वांत वाईट, आणि ते पाट्यांवर कुठे लिहिलेलं नसतं. स्थानिक जाती ठेवल्या तर हा प्रश्न बराचसा सुटतो, पण मग मॉर्फो कुठून आणायचा?

*

एका लग्नात पाकिटांतून फुलपाखरं सोडली. निम्मी उडालीच नाहीत, पायांखाली आली. सोडलेली तरी तरतात का, याचीही शंकाच. 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात विकत आणलेल्या मोनार्कांना, म्हणजे हिवाळ्याआधी दक्षिणेकडे स्थलांतर करणाऱ्या फुलपाखरांना, दक्षिणेची दिशाच धरता आली नाही.

*

जाळी नसलेली उद्यानंही असतात, त्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. रुई लावा, प्लेन टायगर फुलपाखरू येतं. लिंबू लावा, लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटते, बघितली तरी ओळखू येत नाही. ओल्या मातीचा एक कोपरा ठेवा, नर क्षार शोषायला येतात. रोपं विकत घेताना कीटकनाशक मारलंय का ते आधी विचारा, नाहीतर अळ्या पानं खातात आणि मरतात. ढगाळ दिवशी मात्र फारसं कोणी उडत नाही. तिकीट काढून आलेले तेव्हा तक्रारवहीत 'फुलपाखरे नव्हती' असं लिहून जातात.