मदत हवी आहे : आईचा गुडघा ७५ अंशांवरच अडलाय

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, आम्ही वाईजवळ राहतो. पाच आठवड्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. जखम भरली आहे, ताप नाही, सूज संध्याकाळी थोडी वाढते. वॉकर घेऊन घरभर फिरते. पण गुडघा ७५ अंशांच्या पुढे वाकतच नाही. खुर्चीत नीट बसून उठायचं तरी ९० लागतात.

आमचीही चूक झाली. तिला बरं वाटतं म्हणून पहिले दोन आठवडे गुडघ्याखाली उशी दिली. फिजिओथेरपीच्या ताईंनी पाहताक्षणी काढायला लावली. उशी टाचेखाली हवी, नाहीतर पाय सरळ होत नाही. आता सरळ होतो, वाकण्याचंच अडलंय. गादीवर टाच सरकवत मागे आणणं दिवसातून तीनदा करतो. शेवटच्या टप्प्यात तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि मला पुढे हात लावायचा धीर होत नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून काही आठवड्यांत फरक पडला नाही तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल. ती या शब्दानंच घाबरली आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? पाचव्या आठवड्यानंतर किती फरक पडला? व्यायामाआधी वेदनेची गोळी कधी द्यायचात? भूल देऊन वाकवल्यावर पुन्हा आखडला का? वाई-सातारा भागात घरी येणारं कुणी माहीत असेल तर कृपया मेसेज करा.