सोलरच्या टाकीला जुनी चादर गुंडाळली तर पाणी सकाळपर्यंत गरम राहील का?

जुळेसोलापूरकर: नमस्कार. आमचं दुमजली घर, गच्चीवर काचेच्या नळ्यांचा १०० लिटरचा सोलर. संध्याकाळी पाण्यात हात घालवत नाही, पहाटे मात्र कोमट. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर गिझर लावावाच लागतो. टाकीचा बाहेरचा पत्रा एका बाजूनं गंजून फुटलाय. आई म्हणते, घरात जाड सोलापुरी चादरी पडून आहेत, दोन गुंडाळ. चालेल का? गिझरलाही कव्हर घालू का?

होटगीरोड_ताई: रात्री भांड्यांना तेच गरम पाणी घेता का? जेवढं काढाल तेवढं गार पाणी टाकीत शिरतं. आधी ते बघा.

गच्चीवरचा_प्लंबर: दादा, चादर नका गुंडाळू. कोरडी आहे तोवर तिच्यात अडकलेली हवा ऊब धरते. एक पाऊस झाला की ओली चादर उलट उष्णता ओढते, खालचा पत्राही गंजतो. टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये पफ, म्हणजे ऊब धरणारा फोम, भरलेला असतो. तो शाबूत असेल तर वरून काही लागत नाही. तुमच्याकडं फुटक्या जागेतून पाणी शिरून तो भिजला असणार. पहाटे, ऊन यायच्या आत, टाकीवरून तळहात फिरवा. जिथं कोमट लागेल तिथं पफ गेला. शंभर लिटर पाणी १० अंशांनी उतरलं तर एक युनिटहून जास्त वीज गेल्यासारखं आहे, म्हणून हे अंगावर काढू नका.

आणि पाइप! सगळे टाकीकडं बघतात, पाइप उघडाच. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. १५ मीटर धरा, म्हणजे न्हाणीत गरम पाणी यायच्या आधी पावणेचार लिटर गार पाणी वाहून जातं. आपल्याकडं रोज नळाला पाणी येत नाही, हे मला बघवत नाही हो. ते बादलीत धरा. पाइपला काळ्या नायट्राइल रबराची नळी चढवा. रात्रभरात आतलं पाणी गार होणारच, पण सकाळी एकामागून एक आंघोळी होतात तेव्हा पाइप तापलेला राहतो. रबर उन्हात तडकतं, वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप हवीच. टाकीवरची हवेची उभी नळी कधीही बुजवू नका.

गिझरला कव्हर नको. त्यातही पफ असतोच. वायरिंग, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह झाकणं धोक्याचं. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला एक युनिट लागतं. थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवा, आंघोळीआधी लावा, झालं की बंद करा.

जुळेसोलापूरकर: फुटक्या जागेखाली हात लावला, कोमटच आहे. भांड्यांचंही खरं निघालं. तेवढीच जागा दुरुस्त होते का?

गच्चीवरचा_प्लंबर: आतली टाकी गळत नसेल तर होते. ओला पफ खरवडून काढायचा, पूर्ण वाळू द्यायचं, नवा फोम भरून वर पत्रा ठोकून कडा सिलिकॉननं बंद करायच्या. उन्हाळ्यातच करून घ्या, आपल्या उन्हात लवकर वाळतं.