'सिली' शब्द तुम्हाला कुठे भेटला?

गेल्या आठवड्यात लेकीचा गणिताचा पेपर हातात आला. चार गुण गेले होते. ती सहज म्हणाली, "सिली मिस्टेक गं आई." मी म्हटलं, "म्हणजे बावळटपणाच ना?" तर तिचे डोळे भरून आले. अर्थ एकच, मग एक शब्द हसत निघतो आणि दुसरा लागतो, असं का? तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. तुमचे अनुभव लिहा ना.

वीस वर्षं सातवी-आठवीच्या वह्या तपासतेय. '५ − (क्ष − २)' चा कंस सोडवताना मुलं '५ − क्ष − २' लिहितात. पालक म्हणतात, सिली मिस्टेक. मला ते पटत नाही. एकदा झालं तर घाई. दर वेळी होत असेल तर कंसाबाहेरचं वजाचिन्ह आतल्या प्रत्येक पदाला लागतं, हे मुलाला कळलेलंच नाही. पण शब्द इतका हलका, की पुन्हा शिकवायला कुणी बसत नाही.
– शिक्षिका, सातारा

आमच्या क्रिकेटच्या सरांनी मला सिली पॉइंटला उभं केलं होतं. बॅटपासून दोन-तीन पावलांवर! इथे सिली म्हणजे वेडेपणा वाटावा इतकं जवळ. घरी सांगितलं तर बाबा भारताचे जुने क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांबद्दलच बोलत बसले. सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे लेग बाजूला असंच जवळ उभे राहायचे, तेही हेल्मेटशिवाय. २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर इंग्लंडच्या ॲलन नॉटचा घेतलेला झेल तर बाबा हातवारे करून दाखवतात. त्यानंतर मला त्या जागेची भीती वाटली नाही.
– दादर

इथे इंग्लंडमध्ये नर्सरीत 'डोन्ट बी सिली' मुलांना प्रेमानंही म्हणतात. 'स्टुपिड' म्हटलं की मात्र चिमुरडी तक्रार घेऊन येतात, वाईट शब्द वापरला म्हणून. माझ्या आईला दोन्ही सारखेच. तिनं नातवाला लाडानं 'स्टुपिड' म्हटलं आणि तो रुसला. मी सांगितलं, आपलं 'वेडोबा' जिथे चालतं तिथेच सिली चालतं. आता ती वेडोबाच म्हणते, आणि त्याला ते आवडतं.
– लेस्टर

आमच्याकडे वेडपटाला बह्याड म्हणतात. आजी "बह्याड हायेस का बे?" म्हणायची तेव्हा तिचा हात माझ्या डोक्यावर असायचा. साहेबांनी मात्र भर मीटिंगमध्ये "सिली क्वेश्चन" म्हणून मला गप्प केलं. वर्षभर मी तिथे एकही प्रश्न विचारला नाही. त्या दोन शब्दांचा राग अजून आहे.
– नागपूर

जर्मन शिकताना 'झेलिश' शब्द आला: धन्य, परमसुखी. बाई म्हणाल्या, इंग्रजीतला सिली याचाच सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ सुखी, धन्य असाच होता. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, असं करत तो मूर्खापर्यंत येऊन पोचला. मला आपलं 'भोळा' आठवलं. शंकराला भोळा म्हणताना हात जोडतो, आणि माणसाला भोळसट म्हणून बाजूला सारतो. आमच्या घरात धाकट्या काकाला सगळे तेच म्हणायचे, मीसुद्धा. त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला आणि बराच वेळ बोलत राहिले.
– पुणे