सिस्टर आणि मावशी यांत फरक असतो हो!

घरी नर्स पुरवणारे ब्युरोवाले नर्सच्या नावाखाली कोणालाही पाठवतात, हा अनुभव आम्हालाही आलाय. सासूबाईंना पॅरालिसिस झाला तेव्हा नाकातून नळी होती. 'ट्रेन्ड सिस्टर' म्हणून आलेली मुलगी अटेंडंट, म्हणजे नर्सिंग न शिकलेली मावशी निघाली. पहिल्याच दुपारी आईंना सपाट निजवून नळीतून पेज सोडायला निघाली! माझ्या पोटात गोळाच आला. ते फुप्फुसात गेलं असतं तर? डोक्याकडून बेड निदान ३० अंश उचलायचा आणि फीड झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायचा, हे हॉस्पिटलमधून निघताना मला शिकवलं होतं म्हणून निभावलं.

तेव्हापासून सरळ विचारते, जीएनएम (नर्सिंगचा पूर्ण डिप्लोमा) की एएनएम (सहायक नर्सचा छोटा कोर्स)? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवा. नाकातली नळी, कॅथेटर (लघवीची नळी), इंजेक्शन असेल तर नोंदणीकृत नर्सच हवी. अंघोळ, डायपर, कूस बदलणं याला चांगली मावशी पुरते, पैसेही वाचतात.

दुसरं दुखणं म्हणजे आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. रात्रीची सिस्टर कळव्याहून यायची. ती ट्रॅफिकमध्ये अडकली की दिवसाची ताटकळायची आणि शेवटी घाईघाईत निघून जायची. काय दिलं, काय राहिलं, कोण सांगणार? म्हणून शंभर पानी वही ठेवली. '४.०० डावी कूस, ६.०० उजवी. लघवी २५० मिली. टाच लाल, उशी दिली.' त्या टाचेच्या नोंदीमुळेच बेडसोर (पडून राहून होणारी जखम) वेळेत कळला. डॉक्टरही आल्या आल्या आधी वही मागायचे.

आणि हो, सिस्टरला धुणं-भांडी सांगू नका. आमच्या शेजाऱ्यांनी सांगितली, तिने आठवड्यात सोडलं.